लेकीच्या कॉलेजचा मदत कक्ष: पाचात चार तारे

लेक मराठी शाळेत शिकलेली, जांबोटीहून रोज बसनं बेळगावला. घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. बी.कॉम.च्या पहिल्या सेमिस्टरला अकाउंट्स इंग्रजीत ऐकून घरी येऊन रडायची की हो. मदत कक्षातल्या मॅडमनी तिला सकाळच्या जादा तासाला बसवलं. डेबिट-क्रेडिट आधी मराठीत, मग इंग्रजीत. राहिलेला पेपर पुढच्या खेपेला सुटला. पुस्तकं बुक बँकेतून मिळाली.

स्कॉलरशिपचं मात्र विचारू नका. एसएसपी पोर्टलवर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर, आधारमधलं नाव आणि मार्क्सकार्डावरचं नाव जुळेना, मी तीन हेलपाटे घातले. नोटीस फक्त कन्नडात. मला वाचता येतं, आमच्या गल्लीतल्या किती आयांना येतं? एक तारा तिथंच कापला. 2023 पासून शक्ती योजनेमुळं, म्हणजे कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाल्यामुळं, तिचं बसभाडं वाचलं, पण पहिली गाडी चुकली की जादा तास बुडालाच.

लेक सांगत होती, अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान 25 टक्के हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतले, असले की त्या विद्यापीठाला सरकारदरबारी वेगळी ओळख मिळते. इथं मात्र वेगळ्या भाषेतून आलेल्या पोरांचा सगळा भार कक्षातल्या एकट्या मॅडमवर. त्या रजेवर गेल्या की कक्षाला कुलूप.