कुलेब्राचं चित्र भिंतीवर: हातानं रंगवलेली प्रत की छापील?

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं यावर घरात महिनाभर खल झाला आणि शेवटी एक चित्र ठरलं: योनास ली या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकी चित्रकाराचं 1913 मधलं ‘द कॉन्करर्स’. पनामा कालव्याची खोदाई संपत आली असताना तो तिथं गेला आणि कुलेब्राचं कटिंग, म्हणजे कालव्यासाठी डोंगर फोडून केलेला काप, बघून त्यानं हे रंगवलं. खोल घळ, इंजिनांची वाफ आणि धूर, आणि त्यात किरकोळ वाटणारी माणसं. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. हक्कांची कटकट नाही, कारण ली 1940 मध्ये वारला आणि आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो.

आधी मापाचं बघा, कारण दोन्ही प्रकारांत फसगत इथंच होते. मूळ चित्र सुमारे 152 बाय 127 सेंटिमीटर, त्यामुळे प्रतीला 36 बाय 30 इंच किंवा 24 बाय 20 हे प्रमाण बरोबर बसतं. दुकानदार 36 बाय 24 गळ्यात मारतात. त्यात एक तर कडा कापली जाते, नाहीतर डोंगर ताणला जातो.

छापील प्रत मी आधी मागवली. आठवड्यात आली, स्वस्त होती, आणि खरं सांगायचं तर रेषा अन् रंग बऱ्यापैकी मुळाबरहुकूम होते. छपाईयंत्र स्वतःची अक्कल चालवत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण धूर मेला होता. लीचा सगळा जोर त्या धुरात आहे, आणि सपाट शाईत तो भिंतीला आलेल्या ओलीसारखा दिसायला लागला. काही ठिकाणी छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ‘हातानं रंगवलेलं’ म्हणूनही खपवतात. मोबाइलचा टॉर्च बाजूनं धरा: जेलचे उंचवटे चित्रातल्या आकारांशी जुळत नाहीत. भिंगाखाली छपाईचे ठिपकेही दिसतात.

हातानं रंगवलेली प्रत आमच्याकडे तिप्पट भावाला पडली आणि दोन महिने लागले. वाफेचे जाड लपके मात्र बघत राहावं असे. संध्याकाळी दिवा तिरका पडला की धूर वर चढतोय असं वाटतं. गोम अशी की नकलाकार फोटोवरून काम करतो आणि थकला की सोपं करतो. अर्धवट चित्राचा फोटो आला तेव्हा बाबांनी चष्मा पुसून एकच विचारलं, “हा काप उभा का केलाय? माती टिकेल का अशी?” खरंच, मुळातला कलता उतार कारागिरानं भिंतीसारखा सरळ केला होता. कुलेब्रात तर दरडींनी खोदणाऱ्यांचा जीव खाल्ला. तिथल्या एका घसरणाऱ्या भागाचं नाव कुकाराचा, म्हणजे स्पॅनिशमध्ये झुरळ. कडे पसरट करत न्यावे लागले, उपसा वाढत गेला. कारागिरानं कुरकुर न करता उतार दुरुस्त केला. म्हणून कामाच्या मध्यावर फोटो मागायचाच, आणि पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे.

माणसंही तपासा. कालव्याचं काम अमेरिकेकडे होतं त्या काळातले बहुसंख्य मजूर बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय होते. चित्रात ती माणसं लहान आहेत, पण आहेत. स्वस्त नकलांमध्ये त्यांचे नुसते काळे ठिपके होतात.

पावसाळ्यात बुरशी दोघांनाही धरते. बाहेरच्या ओल्या भिंतीवर लावू नका, मागं हवा खेळू द्या. तैलरंग आतपर्यंत वाळायला महिने लागतात, त्यामुळे शेवटचं वार्निश साधारण सहा महिन्यांनी. गुंडाळून येणार असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवायला सांगा.

माझं मत विचाराल तर 30 इंचांहून लहान हवं असेल तर हाताच्या प्रतीवर पैसे घालवू नका. एवढ्याशा जागेत माणसं काढायला कुंचलाच पुरत नाही, चांगली छापील घ्या. मोठी भिंत असेल, वाट बघायची तयारी असेल, तर हातानं रंगवलेलीच.

आमची 36 बाय 30 दिवाणखान्यात आहे. येईल त्याला बाबा आधी तो उतार दाखवतात.