लग्नाचे फोटो साठवायला कोणती फाइल सिस्टिम? झेडएफएस, बीटीआरएफएस की एक्सएफएस

नारायण पेठेतल्या आमच्या स्टुडिओत एका जोडप्याने दहा वर्षांपूर्वीचा अल्बम पुन्हा छापायला मागितला. सप्तपदीचा फोटो उघडला, तर वरचा अर्धा स्वच्छ आणि खालचा नुसता करडा. डिस्कने कधी एरर दिली नव्हती. बॅकअपमध्येही तीच बिघडलेली फाइल जाऊन बसलेली. तेव्हापासून मी आधी एवढंच बघतो: डेटा बिघडला तर फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला, कळतं का?

ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) आणि एक्सएफएसला कळत नाही. एक्सएफएस मोठ्या फाइलींना उत्तम. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ पासून तिथे तीच डीफॉल्ट आहे. चालू व्हिडिओ एडिटिंगला मी आजही तीच देतो. पण तिचे चेकसम (डेटा बदलला का ते ओळखायचे पडताळणीचे आकडे) मेटाडेटापुरते, म्हणजे फाइलींच्या नोंदींपुरते, फोटोतल्या डेटाचे नाहीत. शिवाय ती वाढवता येते, लहान करता येत नाही. ईएक्सटी४ ओएसच्या डिस्कला पुरे.

झेडएफएस आणि बीटीआरएफएस प्रत्येक डेटा ब्लॉकचा चेकसम ठेवतात. वाचताना तो जुळला नाही, तर मिररमधली (दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली हुबेहूब) चांगली प्रत देतात आणि खराब प्रत दुरुस्त करतात. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) लावला की वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाइलीही तपासून होतात. एकाच डिस्कवर मात्र बिघाड फक्त कळतो, भरून निघत नाही.

दोनच डिस्क असतील, तर बीटीआरएफएसचा मिरर खुशाल घ्या. ती लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यात) असते, त्यामुळे अपडेटची कटकट नाही. तिचं रेड ५ आणि ६ (डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवायच्या पद्धती) मात्र नको. लिहिताना मध्येच वीज गेली तर डेटा आणि पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायला ठेवलेली जादा माहिती) यांचा मेळ तुटू शकतो, आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं पुणेकरांना नवं नाही. बीटीआरएफएस असो वा झेडएफएस, यूपीएस हवाच.

चार ते सहा डिस्क असतील, तर झेडएफएस. तिच्या रेडझेड२ या मांडणीत दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. लायसन्समुळे ती कर्नलच्या बाहेर आहे, म्हणून कर्नल अपडेट करण्याआधी तिचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) चालेल ना ते बघा. कॅशसाठी (नेहमी लागणारा डेटा हाताशी ठेवायला) ती रॅम सढळ वापरते. मी १६ जीबी ठेवतो. डिस्क आणि कॉम्प्युटरच्या मध्ये रेड कार्ड घालू नका, झेडएफएसला डिस्क थेट दिसू द्या. स्वस्तातल्या एसएमआर डिस्क (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) तर अजिबात नकोत, डिस्क बदलल्यावर रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) फार रेंगाळतं. पूर्वी रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवता येत नसे. २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस (लिनक्सवर चालणारी झेडएफएस) २.३ पासून येते.

आमचा जुना संग्रह आता सहा डिस्कच्या रेडझेड२ वर आहे, दुसरी प्रत कोथरूडला घरी. गेल्या स्क्रबमध्ये एका डिस्कवरचे दोन चेकसम एरर दुरुस्त झाल्याची नोंद आली. ती डिस्क मी त्याच आठवड्यात बदलली.