भामरागडची टोपोशीट: चार तारे, पाचवा छपाईत गेला

पाटबंधाऱ्याच्या कामात तीस वर्षं कंटूर, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा, ट्रेस केले, पण भामरागड पाहिलं नव्हतं. यंदा जानेवारीत पुतण्याला घेऊन निघालो. त्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून तिथली १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, उतरवून घेतली. फुकट! आमच्या काळी हीच शीट कुलपाच्या कपाटात असायची.

छापताना घोळ झाला. दुकानातल्या पोराने 'फिट टू पेज' दाबलं असणार, त्यात नकाशा आकसला. या शीटवर एक किलोमीटरचा चौकोन बरोबर २ सेंटिमीटर भरायला हवा. माझ्या पट्टीवर १.७ भरला. म्हणजे पट्टी साडेआठ किलोमीटर सांगते ती वाट पायाखाली दहाची निघते. हे मला कळलं हेमलकशाला पोचल्यावर. पुतण्या अजून हसतो. तुम्ही छापाल तर दुकानातच चौकोन मोजा, मग पैसे द्या.

शीट मात्र झकास. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती जिथे भेटतात तिथे नजर खिळून राहते. पात्रातली वाळू ठिपक्यांची, त्यातून उन्हाळी पाण्याची निळी धार, पलीकडे छत्तीसगड. तपकिरी रेषांची दाटी झाली की समजायचं, चढ आला. टेकड्यांच्या नावांत 'मेट्टा' दिसतो. माडिया बोलीत मेट्टा म्हणजे डोंगरच, नाव वाचलं की चढाची तयारी ठेवायची.

एक गोष्ट नवख्याने ध्यानात घ्यावी. कंटूर उंचीच्या दर २० मीटरला एक. डोंगराला ते पुरतं, नदीकाठाला नाही. दोन रेषांमधला पट्टा कागदावर सपाट दिसतो आणि पुराचा सगळा खेळ त्याच पट्ट्यात चालतो. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढून भामरागड तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. ते पाणी कुठवर येतं हे कंटूर सांगणार नाही. काठाशी बारीक आकडा आणि पुढे इंग्रजी 'आर' दिसला तर तो सोडू नका: ६ आर म्हणजे तो काठ पायथ्यापासून ६ मीटर उंच. बहुतेक जण तो आकडा बघतही नाहीत.

बाकी माहिती वाटाड्याकडून. त्याने काठावरच्या मोहाच्या झाडाकडे बोट केलं, खोडावर माझ्या छातीच्याही वर चिखलाची रेघ होती. "दादा, पाणी इथवर." ती जागा पेन्सिलीने शीटवर मारून ठेवलीय.