मुक्त विद्यापीठ, इग्नू की मद्रास आयआयटी: कमी खर्चात आणि वर्ष वाया न घालवता पदवी

बारावीनंतर लगेच नोकरीला लागलेल्या किंवा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात महाविद्यालय सुटलेल्या माणसाला पदवी पूर्ण करावीशी वाटते, तेव्हा त्याला पहिल्यांदा दोन प्रश्न पडतात: लवकर कुठे होईल आणि स्वस्तात कुठे होईल. दुसऱ्याचे उत्तर सरळ आहे. पहिल्याविषयी मात्र बरेच गैरसमज पसरलेले आहेत, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या नियमांनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीचा किमान कालावधी नेहमीच्या पदवीइतकाच असतो. त्यामुळे ‘एका वर्षात पदवी’ असे कोणी सांगत असेल, तर त्या कागदाच्या आधारे पुढे नोकरी किंवा प्रवेश मिळेल, असे धरून चालू नये. पदवी थोडी आधी पूर्ण करण्याची सोय आयोगाने अलीकडे मान्य केली आहे. तीन वर्षांची पदवी तिच्यामुळे फार तर एक सत्र आधी हाती येते, श्रेयांक (क्रेडिट) तेवढेच मिळवावे लागतात आणि ही सोय कोणत्या विद्यार्थ्याला द्यायची, हे संस्था ठरवते. आपल्या अभ्यासक्रमाला ही सोय आहे का, हे संस्थेला लेखी विचारावे. एरवी तीन वर्षांची पदवी तीन वर्षांतच पूर्ण होणे हाच जलद मार्ग होय, कारण दूरस्थ शिक्षणात वेळ जातो तो अभ्यासक्रमाच्या लांबीमुळे नव्हे, तर चुकलेल्या तारखा आणि राहिलेले विषय यांमुळे. पुढील पर्यायांची तुलना मी मुख्यतः याच कसोटीवर केली आहे.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद या विद्यापीठाने मराठीतील पाठ्यपुस्तके आणि गावोगावच्या महाविद्यालयांतील अभ्यासकेंद्रे यांच्या आधारे प्रत्यक्षात आणले. ज्याचे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे आणि जो दिवसभराच्या कामानंतर रात्री दोन तास पुस्तक उघडणार आहे, त्याच्या दृष्टीने मराठी पुस्तक ही किरकोळ सवलत नाही, तर तीन वर्षे आणि पाच वर्षे यांतला फरक त्यावर ठरू शकतो. बी.ए. किंवा बी.कॉम.चे वार्षिक शुल्क काही हजारांत भागते. अभ्यासकेंद्र तालुक्याच्या गावी असले, तर प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्चही वाचतो आणि माझ्या मते शुल्काच्या आकड्याइतकाच तोही महत्त्वाचा आहे. मात्र सगळी अभ्यासकेंद्रे सारख्या तत्परतेने चालत नाहीत. म्हणून प्रवेशापूर्वी प्रत्यक्ष तिथे जाऊन संपर्कसत्रे (केंद्रावरचे प्रत्यक्ष वर्ग) खरोखर होतात का आणि परीक्षा कुठे असते, हे मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांकडून जाणून घ्यावे.

इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. शुल्काच्या बाबतीत ते नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्याच रांगेत बसते आणि वेळेच्या बाबतीत काही ठिकाणी सरस ठरते. येथे जानेवारी आणि जुलै अशा दोन्ही सत्रांत प्रवेश होतात, त्यामुळे जुलै हुकला तरी अख्खे वर्ष जात नाही. सत्राच्या शेवटच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, म्हणजे राहिलेला विषय सहा महिन्यांनी पुन्हा देता येतो. तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत असते, म्हणून बाळंतपण, आजारपण किंवा बदली आली तरी नोंदणी लगेच संपत नाही. या सोयींबरोबर एक जोखीमही येते, ती स्वाध्यायांची, म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटची. बहुतेक विषयांत ३० टक्के गुण स्वाध्यायांना आणि ७० टक्के लेखी परीक्षेला असतात आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. लेखी परीक्षेत चांगले गुण असूनही मुदतीत स्वाध्याय न दिल्यामुळे निकाल अपूर्ण राहणे, हे इग्नूत वर्ष वाया जाण्याचे नेहमीचे कारण आहे. साहित्य प्रामुख्याने हिंदी आणि इंग्रजीत असते, ही मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची दुसरी अडचण. पण राज्य मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र राज्यापुरते असल्याने गोवा, बेळगाव किंवा इंदूर येथील मराठी वाचकाने इग्नूचाच विचार आधी करावा.

मद्रास आयआयटीची डेटा सायन्समधील बी.एस. पदवी या दोघांच्या तुलनेत अगदी वेगळ्या जातीची आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षेत उत्तीर्ण झाले की प्रवेश मिळतो. वर्षात तीन सत्रे असतात आणि शुल्क घेतलेल्या विषयांपुरते भरायचे असते. पायाभूत प्रमाणपत्र, पदविका, बी.एस्सी. आणि चार वर्षांची बी.एस. अशा पायऱ्यांवर थांबता येते. पूर्ण पदवीचा खर्च काही लाखांत जातो, परंतु आरक्षित प्रवर्गांतील आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कात मोठी सवलत आहे. अभ्यास इंग्रजीतून आणि गणिताचा आहे, आठवड्याच्या आठवड्याला स्वाध्याय द्यावे लागतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. ज्याला केवळ स्पर्धा परीक्षेच्या पात्रतेपुरती पदवी हवी आहे, त्याने हा मार्ग घेऊ नये. ज्याला संगणक क्षेत्रातच जायचे आहे आणि गणिताची भीती नाही, त्याला मात्र कमी शुल्काची दुसरी पदवी शोधत बसू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन बी.बी.ए. किंवा बी.सी.ए.चे शुल्क अनेकदा लाखाच्या पुढे जाते. घरून देता येणारी परीक्षा ही त्यांतील खरी सोय असून, लहान मूल असलेल्या आईला ती मोलाची वाटणे मला पटते. पण विक्रीसाठी फोन करणारी व्यक्ती आणि विद्यापीठ एकच नसते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे.

आता खरा वेळ वाचवणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, जुने श्रेयांक. सुटलेल्या महाविद्यालयातील दोन वर्षे आपोआप वाया गेली असे समजू नका. २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा झालेले श्रेयांक साधारणतः सात वर्षे वापरता येतात. त्याआधीच्या गुणपत्रिकांसाठी नव्या विद्यापीठाकडे श्रेयांक हस्तांतराचा अर्ज करून, किती विषयांची सूट मिळते, हे प्रवेशाआधीच कागदावर घ्यावे. स्वयम् या शासकीय व्यासपीठावरील विषय मोफत शिकता येतात, केवळ परीक्षेचे शुल्क पडते आणि आयोगाच्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यांतून घेता येतात. तरीही कोणता विषय धरला जाईल, हे आपले विद्यापीठच ठरवते, त्यामुळे आधी होकार आणि मग नोंदणी हा क्रम सोडू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे आयोगाने २०२२ मध्ये दिलेली दोन पदव्या एकाच वेळी करण्याची मुभा. मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. आणि मद्रास आयआयटीची पदवी अशी जोडी त्यामुळे नियमात बसते. मात्र पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने पहिल्या वर्षाचा निकाल हाती येईपर्यंत दुसरीच्या वाटेला जाऊ नये.

कायदा, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र आणि अभियांत्रिकी या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेता येत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी ही तुलना लागू नाही. बाकीच्यांनी निवड केल्यावर प्रवेशाची अंतिम तारीख, स्वाध्यायांची मुदत आणि परीक्षा अर्जाची तारीख या तीन तारखा घरातल्या कालनिर्णयवर त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात.