औरंगपुऱ्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान, अन तिथं भेटलेलं शिमाझू घराणं

संभाजीनगरला औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांचं एक बारकं दुकान आहे, दर्शनी भागात सगळी एमपीएससीची गाईडं त्यामुळे लोक तसेच पुढं निघून जातात, पण मागच्या रॅकला इतिहासाचा माल लई भारी आहे राव. मला तिथं जपानच्या शिमाझू घराण्यावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक भेटलं. नकाशाचं पान घडीवर फाटलेलं होतं, ते दाखवलं तर मामा म्हणले, "पन्नास कमी द्या, पन आधी बसून वाचा, पटलं तरच न्या." स्टूल दिलं, कुणी उठवलं नाही.

अन वाचण्यासारखंच आहे ते. सामुराई म्हणलं की आपण नोबुनागा अन इयेयासू या बड्या सरदारांवरच थांबतो. हे शिमाझू पार दक्षिणेचे, क्युशू बेटावरच्या सात्सुमाचे, बाराव्या शतकाच्या शेवटापासून पार १८७१ पर्यंत तिथंच पाय रोवून. १५४९ ला सेंट झेवियर जपानात उतरला तो यांच्याच कागोशिमात, तोच ज्याचं शव आज जुन्या गोव्यात आहे. १६०९ ला यांनी र्‍युक्यूचं राज्य (आजचं ओकिनावा) घेतलं, अन आपल्याकडं मलिक अंबरनं खडकी (म्हणजे आजचं संभाजीनगर) वसवली १६१० ला, म्हणजे एकाच काळातली माणसं!

पण सगळ्यात अंगावर येतं ते १६०० चं सेकिगाहाराचं युद्ध. शिमाझूंच्या योशिहिरोकडं जेमतेम दीड हजार माणसं, त्याची बाजू हरली, बाकीचे मागं पळाले अन हा गडी समोरच्या शत्रूच्या फौजेतूनच वाट काढत निघाला. मागं थोडे थोडे लोक बंदुका घेऊन बसायचे, पाठलाग अडवायचे अन तिथंच मरायचे. पुतण्या तोयोहिसा त्यातच गेला. घरी पोचले ऐंशीच्या आसपास. एवढं होऊनही जिंकून जपानचे सत्ताधीश झालेल्या तोकुगावांनी (इयेयासूचं घराणं) यांचा मुलूख काढून घेतला नाही, अन १८६८ ला त्याच तोकुगावांची सत्ता उलथवायला सात्सुमावाले पुढं होते, चोशू या दुसऱ्या संस्थानवाल्यांना सोबत घेऊन. अडीचशे वर्षांनी!

दुकानाबद्दल सांगायचं तर जागा अरुंद, मागं पंखा नाही, उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. रॅकला काही क्रम नाही, मामांनाच विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं. बायंडिंग मात्र उघडून बघूनच घ्या. ताकेदा घराण्यावरचं एक अजून तिथंच पडलंय, मला दोन्ही परवडत नव्हते, ज्याला पाहिजे त्यानं लवकर जा.