स्टीलच्या पिनांचा ओला टंबलर: चकाकी भरपूर, खटाटोपही भरपूर

झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी साफ करायच्या असतात त्या चकाकीसाठी नव्हे, तर काजळी आणि मातीचे कण डायमध्ये (पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) शिरून ओरखडे पाडू नयेत आणि एखाद्या पुंगळीला गेलेला बारीक तडा वेळीच नजरेस पडावा यासाठी. या कसोटीवर ओला टंबलर (पाणी आणि पिनांसह पुंगळ्या घुसळणारे फिरते पिंप) सर्वांत प्रभावी ठरतो. सोयीचा मात्र तो मुळीच नाही.

पुंगळीच्या बुडातले प्रायमर (बंदुकीची दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) आधी काढून टाकावेत आणि पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल व बारीक पिना घालून पिंप फिरवत ठेवावे. तासा-दोन तासांत पाणी काळेकुट्ट होते आणि पुंगळी आतून-बाहेरून, अगदी प्रायमरच्या खाचेपर्यंत, कोरी निघते. आम्लाचा हात सढळ झाला तर पितळेवर गुलाबी छटा चढते, कारण साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेल्या या मिश्रधातूतले जस्त पृष्ठभागावरून निघून जाते. अमोनिया असलेली पॉलिशे तर दूरच ठेवावीत, त्याने ताणाखालचे पितळ तडकते.

खरा खटाटोप पुढे सुरू होतो. प्रत्येक पुंगळी खळखळून धुवायची, आत अडकलेली पिन शोधायची (लहान तोंडाच्या पुंगळ्यांत दोन पिना एकमेकींना अडून बसतात, त्या चुकून राहता कामा नयेत) आणि मग पूर्ण वाळवायची. आत ओल राहिली तर दारू निकामी होऊ शकते. फार वेळ फिरवल्यास तोंडाची कड ठेचली जाते. शिवाय गळ्यातली काजळीही पार निघून गेल्याने गोळी बसवताना जोर जास्त लागतो. काजळीचाही उपयोग असतो, हे अशा वेळी पटते.

मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भुसा वापरणारा कोरडा टंबलर प्रायमरची खाच साफ करत नाही, पण पुंगळ्या लगेच हाताळता येतात. त्याच्या धुळीत प्रायमरमधले शिसे असते, म्हणून भुसा उघड्यावर आणि मास्क लावून चाळावा. अल्ट्रासोनिक यंत्र (द्रवात ध्वनिलहरी सोडून साफ करणारे) आतून छान साफ करते, मात्र चकाकी देत नाही आणि वाळवणे त्यालाही चुकत नाही.

नेहमीच्या कामासाठी माझी पसंती कोरड्या टंबलरलाच आहे. चिखलात पडलेल्या किंवा काळवंडलेल्या पुंगळ्या वारंवार येत असतील तरच ओला टंबलर घ्यावा, आणि घेताना पिना वेगळ्या करायची चाळणी सोबत मिळते का, हे आधी पाहावे.