रायपनिंग चेंबरचा कंट्रोलर: गारवा झकास, मेल भकास

हा कंट्रोलर म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीतली (रायपनिंग चेंबर) हवा सांभाळणारं आणि बिघाड झाला की मेल पाठवणारं यंत्र. गारव्याबद्दल तक्रार नाही. सावदा-रावेर पट्ट्यात बाहेर ४५ अंश असताना खोली १६ ते १८ वर धरतो, इथिलीन (फळ पिकवणारा वायू) १०० पीपीएमच्या वर जाऊ देत नाही, कार्बन डायऑक्साइड साचला की एक्झॉस्ट वेळेवर लावतो. पण अलार्मचा मेल! रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला की मोबाइलवर '=?यूटीएफ-८?बी?' आणि पुढे नुसता अक्षरांचा कचरा. कुठली खोली, किती तापमान, काही पत्ता नाही. खोलीभर माल आत असताना असला मेल काय कामाचा?

सर्व्हिसवाल्यांचं ठरलेलं उत्तर: "भाऊ, मोबाइलात मराठी फॉन्ट नसेल." फॉन्ट नसता तर चौकोन दिसले असते. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, मेलवरची तीन टिंबं, 'शो ओरिजिनल'. 'सब्जेक्ट'ची ओळ मध्येच तुटून उरलेली चार अक्षरं पुढच्या ओळीत पडलेली दिसतील. खरी भानगड तिथे आहे.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट (मजकूर साठवायचं माप) घेतं, मोकळी जागा एकच. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची. 'खोली ३ तापमान कमी' बरोबर ४५ बाइट होतं, बेस६४ (मेलसाठी बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत मांडायची पद्धत) केल्यावर ६० अक्षरं. हा मेल नीट येतो. 'खोली ३ तापमान वाढले' होतं ५१ बाइट, म्हणजे ६८ अक्षरं, आणि कंट्रोलर ६४ व्या अक्षरानंतर सरळ नवी ओळ टाकतो. हेडरची (मेलच्या माथ्यावरच्या माहितीची) ओळ पुढे चालू ठेवायची तर नव्या ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा लागते. ती नसली की हेडर इथेच संपला असं धरलं जातं. मग 'कंटेंट-टाइप', 'ट्रान्सफर-एन्कोडिंग' या, मजकूर कसा वाचायचा ते सांगणाऱ्या ओळी मजकुरात जाऊन पडतात आणि खालचा मजकूर उलगडलाच जात नाही. म्हणजे ज्या मेलची घाई, नेमका तोच मोडतो.

व्हिजिट चार्ज भरण्याआधी फुकटातला उपाय करा: सेटिंगमध्ये खोलीचं नाव 'खो ३' ठेवा. ४५ बाइटपर्यंत मेल नीट येतो; त्यातले ' तापमान वाढले' ३५ बाइट खातं, नावाला १० उरतात. 'केळी पिकवण खोली' वगैरे हौस दारावरच्या पाटीवर भागवा. मोडलेला जुना मेल वाचायचाच असेल, तर मजकुरातला बेस६४ चा ठोकळा कुठल्याही डिकोडरमध्ये टाका.

नवं फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) घातल्यावर मत जरा निवळलं. आता विषयाचे दोन तुकडे होतात, मध्ये मोकळी जागाही येते. एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा असते, तीही पाळली जाते. पण कापताना बाइट मोजतात, अक्षर बघत नाहीत. 'खोली ३' मराठी अंकात असेल तर काप 'ढ' नंतर पडतो, सगळं ठीक. इंग्रजी अंक टाकला की दोन बाइट कमी होतात, काप 'ल' च्या पोटात जातो आणि काही ॲपमध्ये 'वाढ��े' दिसतं. दोन्ही तुकडे जोडून वाचणाऱ्या ॲपमध्ये हे कळतही नाही, म्हणून सर्व्हिसवाल्याच्या फोनवर 'सगळं ओके'.

वीज गेल्यावर तारीख १९७० ची येत असेल तर तो घड्याळाचा सेल. बाजारातून आणून स्वतः बदला.

गारव्याला पाच तारे, मेलला दीड. घेणार असाल तर डेमोला 'तापमान कमी'चा मेल दाखवतील, तो बघून पैसे मोजू नका. सेन्सर मुठीत धरून गरम करा आणि 'वाढले'चा मेल मागा.